पालिकेचं मत आधीच देता येतं का? ड्युटीवाल्यांचं टपाली मत आणि बाकीच्यांची सोय

सरळ उत्तर आधी देते म्हणजे ज्यांना तेवढंच हवंय ते मोकळे. नाही, देता येत नाही. मुंबई महापालिकेच्या निवडणुकीत साध्या मतदाराला आधी जाऊन मत टाकता येत नाही, पोस्टाने पाठवता येत नाही, घरी बसून देता येत नाही, मोबाईलवरून तर नाहीच नाही. एक दिवस, एक केंद्र, तिथे स्वतः जायचं. टपाली मतपत्रिका मिळते ती मुख्यतः निवडणुकीच्याच कामाला जुंपलेल्या लोकांना, म्हणजे आम्ही शिक्षक, पालिकेचे क्लार्क, इंजिनियर, शिपाई, बंदोबस्ताचे पोलीस असे सगळे. आणि गंमत अशी की ज्यांना मिळते त्यातले कित्येक जण ती घेतच नाहीत, आणि घेतात त्यातल्या काहींची मतं मोजणीच्या टेबलावर पाकीट न उघडताच बाद होतात. म्हणून हे लिहायला बसले. मी शाळेत शिकवते, विक्रोळीला राहते, आत्तापर्यंत इतक्या ड्युट्या केल्यात की घरातले म्हणतात हिला सरकारने पगार शिकवण्याचा देऊ नये, बोटाला शाई लावण्याचा द्यावा.

हा प्रश्न दरवेळी येतो कुठून तर परदेशातल्या नातेवाईकांकडून. माझी मावसबहीण टोरांटोला असते. तिथली पालिकेची निवडणूक २४ ऑक्टोबर २०२२ ला होती, आणि तिने दहाबारा दिवस आधीच जवळच्या केंद्रावर जाऊन मत दिलं, तिची शेजारीण तर टपालाने देऊन बसली होती. तिथे ते कुणालाही करता येतं, कारण सांगावं लागत नाही. मग ती फोनवर विचारते, अगं तुम्ही एवढ्या मोठ्या शहरात राहता आणि तुमच्याकडे एवढीशी सोय नाही? आता तिला काय सांगायचं. आपल्याकडच्या तारखाच बघा ना. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीत अर्ज मागे घ्यायची मुदत होती २ जानेवारी, चिन्हं वाटली ३ जानेवारीला, मतदान १५ ला. म्हणजे मतपत्रिकेवर कुणाची नावं छापायची हे ठरल्यापासून मतदानापर्यंत १२ दिवस. त्यात २२७ प्रभागांच्या मतपत्रिका छापायच्या, मशीन लावायच्या, आम्हाला ट्रेनिंग द्यायचं. आठवडाभर आधी मतदान सुरू करायचं म्हटलं तर आधी हा सगळा कार्यक्रम लांबवायला लागेल, आणि मुळात कायद्यात तशी तरतूद पाहिजे, ती नाहीये. विषय संपला.

आता ड्युटीवाल्यांसाठी, नीट वाचा

आधी एक गोंधळ काढून टाकूया. लोकसभा-विधानसभा भारत निवडणूक आयोग घेतो, पालिका-जिल्हा परिषदा राज्य निवडणूक आयोग घेतो. दोन वेगळी ऑफिसं, वेगळे नियम, वेगळे फॉर्म. त्यामुळे लोकसभेला ज्याने नमुना १२ भरला होता तो पालिकेला पण 'बारा नंबरचा फॉर्म द्या' म्हणून काउंटरवर हटून बसतो. तिथला क्लार्कही नवखा असेल तर दोघं मिळून अर्धा तास घालवतात. नंबरच्या नादी लागू नका, सरळ म्हणा 'निवडणूक कर्मचाऱ्यासाठी टपाली मतपत्रिकेचा अर्ज'. तो अर्ज नियुक्तीच्या आदेशासोबत किंवा पहिल्या ट्रेनिंगला मिळायला हवा, नाही मिळाला तर मागायचा, आणि त्याच दिवशी मागायचा. दुसऱ्या ट्रेनिंगला बघू म्हणालात की गेलं.

अजून एक. लोकसभेला ईडीसी म्हणून एक प्रकार असतो, इलेक्शन ड्युटी सर्टिफिकेट. तुमची ड्युटी तुमच्याच मतदारसंघात लागली असेल तर ते सर्टिफिकेट दाखवून ड्युटीच्याच केंद्रावर मशीनवर मत देता येतं, पाकिटांचा खेळच नाही. लोकसभा मतदारसंघ म्हणजे अर्धा उपनगर, त्यामुळे ते जमून जातं. पालिकेचा प्रभाग म्हणजे चार-पाच गल्ल्या, आणि ड्युटी लावताना स्वतःच्या प्रभागात सहसा लावत नाहीत. मी विक्रोळीची, मला टाकलं कांदिवलीला. तेव्हा ईडीसीची आशा सोडा, टपालाच्याच मागे लागा.

अर्ज भरताना काय काय लागतं तर आदेशाची झेरॉक्स (एक नाही, तीन काढून ठेवा, झेरॉक्सवाला ट्रेनिंग सेंटरच्या बाहेर नसतोच कधी), ओळखपत्र, आणि मतदार यादीतला तुमचा प्रभाग क्रमांक, यादी भाग क्रमांक आणि अनुक्रमांक. इथेच अर्धे लोक अडकतात. पालिकेची यादी विधानसभेच्याच यादीवरून करतात पण ती प्रभागाप्रमाणे फोडतात, त्यामुळे विधानसभेच्या स्लिपवरचा अनुक्रमांक आणि पालिकेच्या यादीतला अनुक्रमांक एक नसतो. घरातल्या डब्यात ठेवलेली जुनी स्लिप बघून आकडा टाकलात तर त्या नंबरवर भलत्याच कुणाचं तरी नाव असणार आणि तुमचा अर्ज बाजूला पडणार. राज्य आयोगाच्या वेबसाईटवर नाव शोधा किंवा त्यांचं मताधिकार ॲप आहे त्यात शोधा, तिथून पालिकेच्या यादीतला नंबर घ्या आणि स्क्रीनशॉट काढून ठेवा.

आणि हो, वॉर्ड आणि प्रभाग. मुंबईत आपण दोन्हीला वॉर्डच म्हणतो त्यामुळे जाम गोंधळ होतो. एस वॉर्ड, आर साऊथ वॉर्ड हे पालिकेच्या ऑफिसांचे विभाग, तिथे पाण्याची तक्रार करायची. निवडणुकीचा प्रभाग म्हणजे १ ते २२७ मधला एक आकडा. अर्जात 'वॉर्ड' असं लिहिलं असलं तरी तिथे आकडा टाकायचा, 'एस' नाही. आमच्या ट्रेनिंगला एकांनी 'एस वॉर्ड, भांडुप' लिहून दिलं होतं, बरं ते स्वतः विभाग कार्यालयातच नोकरीला, त्यांना कोण समजावणार!

मतपत्रिका देणार कोण, तर तुमचं नाव ज्या प्रभागात आहे त्या प्रभागाचा निवडणूक निर्णय अधिकारी, म्हणजे आरओ. ड्युटी जिथे आहे तिथला आरओ नाही. हे वाक्य दोनदा वाचा. २०२६ ला मुंबईत २२७ प्रभागांसाठी २३ आरओ होते, एकेकाकडे आठदहा प्रभाग. कांदिवलीच्या ट्रेनिंगला विक्रोळीची मतपत्रिका मिळत नाही, तुमचा अर्ज एका ऑफिसातून दुसऱ्या ऑफिसात जातो, आणि कागद मुंबईत कसा प्रवास करतो ते तुम्हाला माहितीये, सायन सर्कलला ट्रॅफिकमध्ये माणूस अडकतो तसाच. एका निवडणुकीत माझा अर्ज ट्रेनिंगला गोळा केला, 'पाठवतो मॅडम' म्हणाले, आणि मतपत्रिका माझ्या हातात पडली मतमोजणीच्या दुसऱ्या दिवशी. निकाल लागलेला, गुलाल उधळून झालेला, आणि पोस्टमन दारात. त्या ऑफिसचं नाव घेत नाही, पण तेव्हापासून मी अर्ज स्वतः माझ्या आरओच्या ऑफिसात नेऊन देते आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेते, शिक्का आणि तारीख दोन्ही. शाळेतून अर्धा दिवस जातो. जाऊ दे.

डोंबिवली, विरार, ठाण्याचे जे आहेत त्यांनी

मुंबईत नोकरी आणि राहायला बाहेर, असे तर आमच्या स्टाफरूममध्ये निम्मे आहेत. १५ जानेवारी २०२६ ला राज्यातल्या २९ महापालिकांचं एकाच दिवशी मतदान होतं, त्यात मुंबईच्या आजूबाजूच्या ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, भिवंडी, मीरा-भाईंदर, वसई-विरार, पनवेल सगळ्या आल्या. म्हणजे डोंबिवलीच्या बाईंची ड्युटी मुंबईत आणि मत कल्याण-डोंबिवलीत, दिवस तोच. त्यांचा अर्ज मुंबईच्या नाही तर कल्याण-डोंबिवलीतल्या त्यांच्या प्रभागाच्या आरओकडे जायला हवा, मुंबईच्या पेटीत टाकून उपयोग नाही. शिवाय मुंबईत एका प्रभागातून एकच नगरसेवक, म्हणून एकच मत. बाकीच्या महापालिकांमध्ये बहुसदस्यीय प्रभाग, बहुतेक ठिकाणी चार जागा, अ ब क ड, म्हणजे चार मतं द्यायची. मुंबईतल्या ट्रेनिंगला 'एकच शिक्का, एकच मत' असं डोक्यात बसवलेलं असतं आणि आपलं मत देताना बाईंनी एकाच जागेसाठी खूण करून बाकीचं कोरं ठेवलं, असं झालेलं ऐकलंय. चारही जागा बघा. कुणीच नको असेल तर नोटा आहे, राज्य आयोगाने २०१३ पासून स्थानिक निवडणुकांनाही दिलाय.

बदलापूरवाल्यांनी या सगळ्यात डोकं घालायचं नाही, तिथे नगरपरिषद आहे, तिची निवडणूक वेगळी होते.

पाकिटं: इथेच मतं मरतात

मतपत्रिका आली की पाकिटात चार गोष्टी असतात. मतपत्रिका, घोषणापत्र, एक लहान पाकीट, एक मोठं पाकीट, आणि सोबत सूचनांचा एक कागद जो कुणी वाचत नाही (म्हणजे पाचच झाल्या, असो). लोकसभेला यांना १३-ए, १३-बी, १३-सी असे नंबर असतात, पालिकेला छपाई वेगळी असेल पण पद्धत तीच. क्रम असा ठेवा, आणि टेबल आधी पुसून घ्या, चहाचा कप लांब.

सगळ्यात आधी मतपत्रिकेचा नंबर बघा. तो नंबर घोषणापत्रावर लिहा आणि लहान पाकिटावर लिहा. आकडा न आकडा जुळला पाहिजे. घाईघाईत ६ चा ८ दिसला तरी वांधा, कारण मोजणीच्या टेबलावर ते पहिलं हेच जुळवतात.

मग घोषणापत्र भरा, पण सही करू नका अजून. सही अधिकाऱ्यासमोर करायची असते आणि त्यांनी खाली साक्षांकन करायचं असतं. कुणाचं साक्षांकन चालतं ते त्या कागदावर किंवा सूचनांमध्येच छापलेलं असतं, राजपत्रित अधिकारी शोधत फिरण्यापेक्षा सोपं म्हणजे दुसऱ्या ट्रेनिंगला असे अधिकारी तिथेच हजर असतात, तिथेच गाठा. आमच्याकडे एक हेडमास्तर होते, त्यांना वाटायचं आपली सही आणि शाळेचा गोल शिक्का म्हणजे ब्रह्मवाक्य. त्यांनी अख्ख्या स्टाफची घोषणापत्रं साक्षांकित करून दिली. सगळी गेली! अधिकार आहे का ते आधी बघा, शिक्का गोल आहे की चौकोनी त्याने काही होत नाही.

आता मत. कुणी बघत नसताना, पेनाने, हव्या त्या उमेदवारासमोर स्पष्ट खूण. बरोबरची करा किंवा फुली करा, पण एकाच ठिकाणी, आणि दोन रांगांच्या मधल्या रेघेवर नको. मतपत्रिकेवर सही करायची नाही, नाव लिहायचं नाही, 'जय महाराष्ट्र' पण लिहायचं नाही. ज्याने कुणाचं मत आहे ते ओळखू येईल असं काहीही दिसलं की मत बाद. शिक्षकांना सवय असते ना, कागद दिसला की कोपऱ्यात सही आणि तारीख, ती सवय पाच मिनिटं बाजूला ठेवा.

मतपत्रिकेची घडी करून लहान पाकिटात. फक्त मतपत्रिका. लहान पाकीट गमने बंद. मग बंद केलेलं लहान पाकीट आणि घोषणापत्र, दोन्ही सुटे सुटे, मोठ्या पाकिटात. घोषणापत्र लहान पाकिटात घालायचं नाही. घालायचं नाही. घालायचं नाही. तीनदा का लिहिलं ते सांगते.

एकदा माझी ड्युटी मतमोजणीला होती, टपालाच्या टेबलावर. सकाळी मशीन उघडायच्या आधी टपाल घेतात. एकेक मोठं पाकीट फोडायचं, आतून घोषणापत्र बाहेर काढायचं, त्यावरची सही, साक्षांकन, नंबर बघायचा, लहान पाकिटावरच्या नंबरशी ताडून बघायचा, सगळं ठीक असेल तर लहान पाकीट एका ट्रेमध्ये. ट्रेमधली लहान पाकिटं नंतर एकत्र उघडतात म्हणजे कुणाचं मत कुठलं ते कळत नाही. तर एक मोठं पाकीट मी फोडलं आणि आतून नुसतं लहान पाकीट निघालं. परत हात घातला, पाकीट उलटं करून झटकलं, काही नाही. लहान पाकीट हाताला जाड लागत होतं. शेजारच्या सरांनी ते ट्यूबलाईटकडे धरलं तर आत दोन घड्या दिसत होत्या, एक पांढरी पातळ, एक जाडसर, आणि जाडसर कागदावरचा जांभळा शिक्का पाकिटातून पुसट दिसत होता. म्हणजे साक्षांकन वगैरे सगळं व्यवस्थित केलेलं माणसाने, शिक्का आणलेला, फक्त कागद चुकीच्या पाकिटात. उघडून बघता येत नाही ना, घोषणापत्र बाहेर असेल तरच लहान पाकीट उघडायचं. साहेबांनी उमेदवारांच्या एजंटांना दाखवलं, शेरा मारला, पाकीट बाजूच्या गठ्ठ्यात. कुणीतरी आमच्यासारखंच ट्रेनिंगला बसून, रांगेत उभं राहून आणलेली मतपत्रिका होती ती. आणि अशी ती एकटीच नव्हती त्या गठ्ठ्यात.

कुणी म्हणेल एका मताने काय होतं. २०१७ ला मुंबईत प्रभाग २२० मध्ये शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर आणि भाजपचे अतुल शाह दोघांना ५,९४६ अशी अगदी सारखी मतं पडली. फेरमोजणी करूनही तेच. शेवटी चिठ्ठी टाकली आणि शाह निवडून आले. त्या दिवशी दोन्ही बाजूच्या किती लोकांनी घोषणापत्र कुठल्या पाकिटात घातलं याचा विचार करत झोप उडाली असेल.

मोठं पाकीट बंद केलं, त्यावर आरओचा पत्ता तपासला, सांगितलं असेल तिथे सही केली, की लगेच नेऊन द्या. मतमोजणी सुरू व्हायच्या आत ते आरओकडे पोचलं पाहिजे, नंतर आलेलं पाकीट उघडतच नाहीत. आणि मोजणी दुसऱ्याच दिवशी सकाळी असते हे विसरू नका, १५ ला मतदान आणि १६ ला मोजणी होती. नाव टपाली असलं तरी शेवटच्या आठवड्यात पोस्टाच्या पेटीत टाकू नका. ऑफिसात त्यासाठी पेटी ठेवतात किंवा ट्रेनिंगच्याच ठिकाणी मत द्यायची सोय असते, ती असेल तर डोळे झाकून तीच घ्या, तिथल्या तिथे मतपत्रिका घ्या, साक्षांकन करा, पेटीत टाका आणि मोकळे व्हा. लोकसभेला तर २०२३ च्या दुरुस्तीनंतर ड्युटीवाल्यांना सुविधा केंद्रावरच मत द्यावं लागतं, घरी न्यायचं कामच नाही, फार बरं झालं.

एक शेवटचा धोका. तुमच्या नावाने टपाली मतपत्रिका काढली की मतदान केंद्रावरच्या यादीत तुमच्या नावापुढे तशी नोंद होते. मग तुमची ड्युटी ऐनवेळी रद्द झाली, राखीवमध्ये बसवून दुपारी घरी सोडलं, तरी तुमच्या केंद्रावर जाऊन मशीनवर मत देता येत नाही. एक सहकारी असेच दुपारी चारला सुटले, धावत ट्रेन पकडून केंद्रावर गेले, तिथल्या पोरीने यादी बघून सांगितलं काका तुमचं टपालाने झालंय. ते झालं नव्हतं, पाकीट घरी टीव्हीवर ठेवलेलं होतं. मतदान साडेपाचला संपलं तरी पाकीट मोजणीच्या सकाळपर्यंत देता येतं हे त्यांना कुणी सांगितलंच नाही. आता तुम्हाला सांगितलं.

घरातले ज्येष्ठ

माझ्या सासूबाई ८७ वर्षांच्या. २० मे २०२४ च्या लोकसभेला त्यांचं मत घरी येऊन घेतलं होतं. ८५ वर्षांच्या वरचे आणि ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेले यांना लोकसभा-विधानसभेला ती सोय आहे, १२-डी फॉर्म भरायचा, अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांच्या आत. मग दोन अधिकारी, एक पोलीस, एक व्हिडिओवाला असे सगळे घरी येतात, पुठ्ठ्याचा आडोसा करतात. आईंनी त्या दिवशी नऊवारी काढली होती, पोलिसाला लाडू दिला, त्याने घेतला नाही तर रागावल्या. तर जानेवारी २०२६ ला संक्रांतीच्या आधीपासूनच त्यांचं सुरू, अगं ते मतवाले कधी येणार, घर आवरलं नाही अजून. पालिकेला ही सोय नाही हो आई, म्हटलं तर त्यांना वाटतं मी फॉर्म भरायला विसरले.

म्हणून ज्यांच्या घरी असे ज्येष्ठ आहेत त्यांनी आधीच त्यांना सांगून ठेवा आणि केंद्रावर न्यायची तयारी करा. पालिकेला मतदान सकाळी साडेसातला सुरू होतं. साडेसात ते साडेआठ सगळ्यात चांगलं, ऊन नाही, रांग नाही, मशीनही ताजं. दुपारी दोन-तीनलाही शांत असतं पण म्हाताऱ्या माणसांची झोपेची वेळ. ज्येष्ठ, दिव्यांग, गरोदर आणि तान्ही बाळं असलेल्या बायका यांना रांगेत आधी सोडतात, मागावं लागलं तर मागा, लाजू नका, आम्हाला आतून रांगेत कोण उभंय ते दिसत नाही. आदल्या दिवशी केंद्र कुठल्या शाळेत, कुठल्या खोलीत ते बघून या. तळमजल्यावर आहे का, रॅम्प कुठल्या गेटला आहे, रिक्षा कुठपर्यंत येते. आमच्याकडे रॅम्प मागच्या गेटला आणि मागचं गेट कुलूपबंद, असं झालं होतं, चावी ज्या शिपायाकडे तो दुसऱ्या केंद्रावर ड्युटीला. आईंना शेवटी खुर्चीत बसवून दोन पोरांनी उचललं, त्यांना ते आवडलंच उलट, वरात असल्यासारखं.

स्वतः बटण दाबता येत नाही, दिसत नाही, अशांना सोबत एक माणूस आत नेता येतो, १८ वर्षांच्या वरचा, केंद्राध्यक्षांना सांगून. तोच माणूस चाळीतल्या पाच आज्यांना एकामागून एक घेऊन येतो तेव्हा मात्र आम्हाला थांबवावं लागतं, तेव्हा भांडू नका.

बाकी सगळ्यांनी

आधी मत देता येत नाही म्हटल्यावर जे करता येतं ते आधी करा, म्हणजे नाव बघणं. २०२६ च्या पालिकेला १ जुलै २०२५ ची यादी वापरली. मतदान जानेवारीत आणि यादी त्याच्या साडेसहा महिने आधीची. निवडणूक लागली की मग पोराचं नाव घालू, मग पत्ता बदलू, असं चालत नाही. नवीन नावासाठी नमुना ६, घर बदललं असेल तर नमुना ८, दोन्ही ऑनलाईन होतात, निवडणूक नसताना करा, तेव्हा बीएलओलाही (तुमच्या भागाच्या मतदार यादीचं काम बघणारा कर्मचारी) वेळ असतो.

नावापुढे दोन चांदण्या असतील तर घाबरू नका. यादीत एकच नाव दोनदा दिसतंय अशी शंका असेल तिथे राज्य आयोगाने त्या खुणा केल्या होत्या, मुंबईत अशी नावं लाखांत होती. तुम्ही कुठे मत देणार ते लिहून द्यायचं, आधी दिलं नसेल तर केंद्रावर हमीपत्र लिहून घेतात आणि ओळखपत्र नीट तपासतात. दहा मिनिटं जास्त जातात.

ओळखपत्र म्हणून मतदार कार्डच पाहिजे असं नाही, आधार, पॅन, पासपोर्ट, लायसन्स, फोटो असलेलं बँकेचं पासबुक यातलं कुठलंही चालतं. मोबाईलमधला फोटो दाखवून चालत नाही, आणि मोबाईल आत नेऊच देत नाहीत, एकट्याने आलात तर तो कुठे ठेवणार हा प्रश्न घरून सोडवून या. मशीनवर बटण दाबल्यावर चिठ्ठी दिसली नाही म्हणून आरडाओरडा करू नका, पालिकेच्या मशीनला व्हीव्हीपॅट नसतं. बीप वाजला, दिवा लागला, झालं.

प्रायव्हेट नोकरीवाल्यांनी सुट्टीचं परिपत्रक सरकार काढतं ते एचआरला दाखवायचं. सुट्टी देणं शक्यच नाही अशा ठिकाणी दोन-तीन तासांची सवलत द्यायला सांगतात. रात्रपाळीवरून येणाऱ्यांनी थेट केंद्रावर यावं, घरी जाऊन जरा पडतो म्हटलं की उठायला सहा वाजतात आणि मतदान साडेपाचला बंद. साडेपाचच्या आत आवारात आलेल्यांना मात्र चिठ्ठ्या वाटतो आम्ही, शेवटच्या माणसापासून पुढे, त्या सगळ्यांचं मतदान होतंच, कितीही वाजू देत. त्यामुळे पाच वीसला पोचलात तरी परत फिरू नका, आत या, आमचा डबा तोपर्यंत तसाही गार झालेला असतो.

आणि गावी जाणारे. २०२६ ला मतदान संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, गुरुवारी होतं, शुक्रवारची रजा टाकली की चार दिवस. आमच्या बिल्डिंगमधून दोन कुटुंबं बुधवारी रात्रीच्या गाडीने कोकणात गेली आणि जाताना मला विचारलं, ताई आमची मतं तुम्हीच आधी घेऊन ठेवता का.